चित्राखालची पट्टी

बुधवार, १ फेब्रुवारी

आज दिवसभरात मी एकूण दोन वाक्यं बोलले. सकाळी दुकानात "अर्धा लिटर द्या" आणि दुपारी जिन्यात शेजारणीला "हो ना, फारच". कशाला 'फारच' म्हटलं ते आता आठवतही नाही. आई होती तोवर माझा घसा कायम बसलेला असायचा. ती बहिरी आणि मी चिडकी, त्यामुळे प्रत्येक गोष्ट तीनदा ओरडून सांगायची. आता घरात इतकी शांतता आहे की फ्रिजची घरघर थांबली तरी दचकायला होतं.

संग्रहालयातून निवृत्त होऊन चार महिने झाले. एकतीस वर्षं मी तिथल्या वस्तूंखालच्या पट्ट्या लिहिल्या. चित्र असो, मडकं असो, मूर्तीचा तुटका हात असो, चाळीस शब्दांत काय ते सांगायचं. विशेषणं नाहीत, 'कदाचित' नाही. लोक वस्तूकडे पाच सेकंद बघतात आणि पट्टी वीस सेकंद वाचतात, हे मी स्वतः घड्याळ लावून मोजलंय. निरोपसमारंभात हे सांगणार होते. पण साहेबांचं भाषण लांबलं आणि माझी पाळी आलीच नाही.

तर मुद्दा असा की वाचनालयाच्या ग्रंथपालांनी मला दर शनिवारी वरची मागची खोली द्यायचं कबूल केलंय. लहान मुलांना चित्रकला शिकवायची, पण गोष्टींतून. चित्र कुणी काढलं, का काढलं, तेव्हा माणसं कशी राहायची. मुलांशी मी जन्मात कधी धड बोललेली नाही. पण त्यांना जुन्या कलेची जाण यावी, एवढ्यासाठी करतेय. दुसरं काही कारण नाही.

शनिवार, ४ फेब्रुवारी

नऊ मुलं आली! मी पाच धरली होती.

गुहेपासून सुरुवात केली. म्हटलं, हजारो वर्षांपूर्वी एका माणसाने गुहेच्या भिंतीवर हात ठेवला, तोंडात लाल मातीचं पाणी घेतलं आणि हातावर फुर्रकन फुंकलं. हात काढला तर भिंतीवर हाताएवढी रिकामी जागा आणि भोवती लाल रंग. असे कितीतरी हात अजून आहेत आणि त्यातले काही लहान मुलांचे आहेत. मग आम्ही दातांच्या जुन्या ब्रशने रंग उडवून आपापले हात उमटवले. फरशीवर, खुर्च्यांवर आणि माझ्या साडीवरही उमटवले.

एक पोरगा आहे, त्याचं नाव मी शंकासुर ठेवलंय. "बाई, त्यांची परीक्षा होती का?" नव्हती. "मग बक्षीस?" तेही नव्हतं. "मग कशाला काढलं?" मी चाचरले. एकतीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. "आपण इथे होतो, हे कुणालातरी कळावं म्हणून," असं काहीतरी म्हणाले. तेवढ्यात वर्गातल्या जुळ्या भावांपैकी एकाने दुसऱ्याच्या कानात रंग उडवला.

ग्रंथपाल दोनदा डोकावून गेले. "काही लागलं तर सांगा हं." मी दिवे वाया घालवतेय का ते बघत असणार.

सगळी गेल्यावर एक मुलगी मागे राहिली. दहा-अकरा वर्षांची, चणीने बारीक, दोन्ही खिसे पेन्सिलींच्या तुकड्यांनी फुगलेले. तिला मी मनात खार म्हणते. तिने न सांगता सगळे ब्रश धुतले. "घरी नाही जायचं का गं?" "आई सातला येते." कलेची खरी ओढ असलेलं मूल पहिल्याच दिवशी ओळखू येतं.

आवाज बसलाय. फार बरं वाटतंय.

शनिवार, ११ फेब्रुवारी

आज राजांची चित्रं. मी सांगितलं, जुन्या काळी कितीतरी देशांत चित्रात माणूस खरा केवढा आहे ते बघत नसत, त्याचा मान केवढा आहे ते बघत. राजा भिंतभर, राणी त्याच्या गुडघ्याएवढी आणि शत्रू मुंगीएवढे. राणीवरून मुली जाम भडकल्या. मला मनातून आनंद झाला.

मग म्हटलं, याच रीतीने आपापलं घर काढा. ज्याला जास्त मान, तो मोठा. शंकासुराने कुत्रा घराहून मोठा काढला आणि आजोबा त्याच्या शेपटीखाली. "आजोबांना दाखवणार का?" "दाखवीन की. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा कुत्र्याने खाल्लाय." मी इतकी हसले की ग्रंथपाल काय झालं म्हणून धावत आले.

खारीचं चित्र पूर्ण झालं नाही. घरी नेऊन करते म्हणाली. ब्रश धुताना मला म्हणते, "बाई, तुम्ही पण तुमचं घर काढा ना." मी म्हटलं, बाईंना बरीच कामं असतात. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि नळ बंद केला.

काढायचं म्हटलं तरी कुणाला काढू? एक खुर्ची, एक फ्रिज आणि मी. मोठी काढा नाहीतर छोटी, शेजारी कुणी नसलं की कळणार तरी कसं?

गुरुवार, १६ फेब्रुवारी

शनिवारची तयारी करायला वाचनालयात गेले होते. ग्रंथपालांनी चहा आणून दिला. "जरा जास्तीचा झाला." आठवड्यात ही तिसरी वेळ. एवढी पुस्तकं मोजणाऱ्या माणसाला दोन कप पाणी मोजता येऊ नये, कमाल आहे.

शनिवार, १८ फेब्रुवारी

आज लांब आणि जवळ. ही गोष्ट माझी लाडकी. शेकडो वर्षं चित्रकार लांबची माणसं नुसती वरच्या बाजूला काढायचे, पण जवळच्यांएवढीच मोठी. मग कुणाकुणाच्या लक्षात आलं की रस्ता पुढे निमुळता होतो, झाडं बुटकी होत जातात. मुलांना खिडकीशी उभं केलं. एक डोळा मिटा, अंगठा पुढे धरा, ती बस झाका. झाकली! "मग बस लहान झाली का?" "नाही, लांब गेली!" सगळे एका सुरात ओरडले.

खार कितीतरी वेळ अंगठा पुढेमागे करत उभी होती. "म्हणजे लांबचं दिसतं लहान, पण असतं तेवढंच?"

"तेवढंच," मी म्हटलं आणि जुळ्यांच्या हातून शाईची बाटली काढून घ्यायला पळाले.

जाताना तिने घराचं चित्र दिलं. गेल्या आठवड्याचं राहिलेलं एकदाचं मिळालं, गठ्ठा पूर्ण झाला. चार मार्चला वाचनालयाच्या ओवरीत मुलांचं प्रदर्शन लावायचं ठरलंय.

बुधवार, २२ फेब्रुवारी

प्रदर्शनाच्या पट्ट्या लिहायला बसले. किती दिवसांनी हाताला सवयीचं काम मिळालं.

खारीचं चित्र नीट बघितलं आणि थक्कच झाले. खाली जेवणाचं टेबल. शेजारी आई, मोठ्ठ्या हातांची. मग ती स्वतः. आणि वर अगदी कोपऱ्यात, नखाएवढा, हातात पिशवी घेतलेला एक माणूस. चेहरासुद्धा नाही. मागे पेन्सिलीने लिहिलंय: आई, मी, बाबा. केवढी हिंमत पोरीची! राजांच्या चित्रांचा धडा इतर कुणाला इतका कळला नाही. मी लिहिलं:

'घर. पेन्सिल आणि जलरंग. चित्रकर्तीने प्राचीन राजचित्रांची रीत वापरली आहे: जितके महत्त्व, तितका आकार. आई सर्वांत मोठी. वडील कोपऱ्यात, नखाएवढे, चेहऱ्याविना. या घरात त्यांना स्थान नाही, हे मुलीने निर्भीडपणे सांगितले आहे.'

एकतीस शब्द. 'निर्भीडपणे' नियमात बसत नाही, पण पोरीने तो शब्द कमावलाय. अजून नऊ शब्द शिल्लक होते, पण आणखी सांगण्यासारखं काही नव्हतं.

शुक्रवार, ३ मार्च

चित्रं लावून झाली. ग्रंथपाल खारीच्या चित्रापाशी थांबले, पट्टी वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली.

"हे तिला विचारून लिहिलंय का?"

"विचारायचं काय त्यात? चित्र स्पष्ट आहे."

"नाही, म्हणजे तिचे वडील..."

"मला वडिलांशी कर्तव्य नाही हो. मला चित्राशी आहे."

"बरं," म्हणाले आणि गेले. माणूस भला आहे, पण भित्रा.

शनिवार, ४ मार्च

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहायचं टाळेन.

चार वाजता दार उघडलं. आईवडील आले, शंकासुराचे आजोबा आले, नव्या चष्म्यासह. शेपटीखाली स्वतःला बघून खो खो हसले. मी एका बाजूला उभी राहून कोण किती वेळ पट्टी वाचतंय ते बघत होते. सवय.

पाचच्या सुमाराला खार आली, एका माणसाला बाहीला धरून ओढत. "या ना. या ना इकडे. माझं बघा." उन्हाने रापलेला, नव्या कोऱ्या शर्टाच्या घड्या अजून न मोडलेला माणूस. मागून तिची आई. तीन वर्षं तो लांब कुठेतरी कामाला होता आणि गुरुवारीच रजेवर घरी आला होता. हे मला नंतर कळलं. ग्रंथपालांना आधीपासून माहीत होतं.

तो चित्रासमोर वाकला. आधी चित्र बघितलं, हसला. मग पट्टी वाचली. वाचताना ओठ हलत होते. शेवटी आल्यावर ओठ थांबले आणि तो तसाच वाकलेला राहिला.

"बाई, हे तुम्ही लिहिलंय?"

"हो," मी म्हटलं. आणि हसून म्हटलं, देवा.

"छान लिहिलंय," तो म्हणाला. "अक्षर सुंदर आहे तुमचं."

तेवढ्यात खारीने वाचलं. आधी तिला कळलंच नाही. मग तिचा चेहरा लालबुंद झाला. "मी यांना लहान नाही काढलं! लांब काढलं! लांब काढलंय मी! तुम्हीच सांगितलं होतं ना बाई, खिडकीत!" ती बापाकडे वळून एकच एक सांगत होती, लांब काढलंय, लांब काढलंय, आणि रडत होती. तो तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला आणि मध्येच थांबला. तिच्या डोक्यावर हात ठेवतात की खांद्यावर, हे त्याला ठाऊक नसावं.

तिच्या आईने चारही टाचण्या काढल्या, चित्राची सुरळी केली आणि तिघं निघून गेली. भिंतीवर नुसती पट्टी राहिली.

ती ग्रंथपालांनी काढली आणि खिशात घातली. मला म्हणाले, "बसा जरा." मी बसले नाही.

रविवार, ५ मार्च

एकतीस वर्षांत एकाही मडक्याने मला उलट उत्तर दिलं नाही. म्हणून मला वाटायचं, मी बरोबर लिहिते.

खिडकीशी त्या पोरीला मीच उभं केलं होतं. असतं तेवढंच, हेही मीच सांगितलं होतं. आणि ती किती वेळ अंगठा धरून उभी होती, ते बघूनही मला काही सुचलं नाही. माझ्या डोक्यात फक्त शाईची बाटली होती. लाज वाटते.

आज कुणाशीही बोलले नाही. बोलावंसं वाटलंही नाही.

शनिवार, ११ मार्च

तीन मुलं. जुळे आणि शंकासुर. बाकीच्यांच्या आयांनी काय ऐकलं असेल ते दिसतंच आहे, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

"बाई, खारूताईचे बाबा रडले का?" शंकासुराने विचारलं. म्हणजे मी मनात ठेवलेलं नाव पोरांना ठाऊक आहे तर. मी तोंडातून कधी काढलं कुणास ठाऊक.

"माहीत नाही."

"तुम्ही सॉरी म्हणालात का?"

"नाही."

"का?"

वर्ग लवकर सोडला. ब्रश मी एकटीने धुतले. नऊ जणांचे ब्रश ती कशी काय इतक्या पटकन धुवायची, मला तिघांचे धुवायला अर्धा तास लागला.

मंगळवार, १४ मार्च

माफीचं पत्र तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा चाळीस शब्दांत बसलं. तिन्ही फाडली.

शेवटी ग्रंथपालांकडे गेले. पत्ता विचारला तर खणातून चिठ्ठी काढून हातात दिली. आधीच लिहून ठेवली होती. "मला वाटलंच होतं, तुम्ही याल," म्हणाले. मला रागवायचं होतं, पण जमलं नाही.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार बापाने उघडलं. घरात सगळीकडे दुरुस्तीची अवजारं पसरलेली. आल्यापासून नळ, बिजागऱ्या, स्टूल, दिसेल ते दुरुस्त करत सुटला असावा. खारीची आई कपड्यांच्या घड्या करत होती, ती थांबली नाही. खारीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

मी उभ्या उभ्याच म्हटलं, "माझं चुकलं. मी तिला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मला वाटलं मला कळतं."

एवढंच आलं. वीस शब्दसुद्धा झाले नसतील.

"तिच्या मनात काय आहे ते तुम्ही आम्हाला वाचून दाखवायचं नव्हतं," तिची आई म्हणाली. "आणि तेही भिंतीवर लावून. तीन वर्षं मी त्या पोरीला सांगतेय, बाबा लांब आहे, पण आपलाच आहे. तुम्ही एका पट्टीत निकाल लावलात."

"हो," मी म्हटलं.

बापाने माझ्यापुढे नुकतंच दुरुस्त केलेलं स्टूल सरकवलं. "बसा. डुगडुगत नाही आता." मग खाली बघत म्हणाला, "तिला विचारलं मी. ती म्हणते लांब काढलंय. पण मला एक सांगा बाई. चेहरा का नाही काढला? लांबून दिसत नाही म्हणून, की आठवत नाही म्हणून?"

मला सांगता येईना. आयुष्यभर हेच काम केलं आणि मला सांगता येईना. मी म्हटलं, "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

"हं," तो म्हणाला. "मलाही विचारायला धीर होत नाही."

येत्या सोमवारी तो परत जाणार आहे. उतरताना वरून कुणीतरी जिन्यातला दिवा लावला. वर बघितलं तर दार बंद होतं.

शनिवार, १८ मार्च

दुपारी जुळे आणि शंकासुर आले. मी गोष्ट सुरू करणार, तेवढ्यात दारात खार. मागे तिचा बाप, हातात टोपी, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा उभा.

"मी आलेय," खार म्हणाली. "पण तुम्ही आमच्याबद्दल काही लिहायचं नाही."

"नाही लिहिणार."

"आणि बाबा पण बसणार."

"बसू दे."

मी ठरवलेली गोष्ट बाजूला ठेवली आणि दुसरीच सांगितली. फार जुनी दंतकथा आहे. एका कुंभाराच्या मुलीचं लाडकं माणूस परगावी निघालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी दिव्याच्या उजेडात तिला त्याची सावली भिंतीवर दिसली. तिने चुलीतला कोळसा घेतला आणि सावलीच्या कडेकडेने रेघ ओढली. तो गेला. रेघ राहिली. काही लोक म्हणतात, जगातलं पहिलं चित्र ते.

"खरं आहे का?" शंकासुर.

"कदाचित," मी म्हटलं.

ग्रंथपालांनी पडदे ओढून दिले आणि कुठूनतरी मोठा टेबललॅम्प आणला. भिंतीवर कागदाचा लांबच लांब रोल चिकटवला. जुळ्यांनी एकमेकांना आखलं आणि कुणाचं नाक लांब यावरून भांडले. शंकासुराने ग्रंथपालांना उभं केलं. लॅम्प धरायला मी.

शेवटी खारीचा बाप भिंतीशी उभा राहिला. ती खालून सुरुवात करून वर चालली. बूट, गुडघे, टोपी धरलेला हात. खांद्याशी आल्यावर तिला स्टूल लागलं. तो श्वाससुद्धा जपून घेत होता. "हलू नकोस ना बाबा. हललास की सगळं परत करावं लागेल." कानाशी तिने फार वेळ लावला. एकदा पुसलं, पुन्हा काढलं. मग रेघ सोडून स्टुलावरूनच त्याच्याकडे बघत राहिली, अगदी जवळून, एकेक गोष्ट पाठ केल्यासारखी. तोही बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता, कारण हलायचं नव्हतं. माझा हात भरून आला होता, पण मीही लॅम्प हलू दिला नाही.

मग तिने कोळसा बदलला आणि रेघेच्या आत त्याचा चेहरा काढला. डोळे, भुवया, हनुवटीवरचा व्रण. सगळं.

झाल्यावर बाप कागद सोडवायला लागला. "हा मी घेऊन जातो. तिकडे खोलीत लावीन."

"नाही," खार म्हणाली. "तू तर तुझ्याजवळ असशीलच. हा आमच्याकडे राहणार."

त्याने मान हलवली. दोघं सुरळीची दोन टोकं धरून, वळणावर थांबत थांबत जिना उतरली. पुढच्या शनिवारी येणार का, हे मी विचारलं नाही. आवरायला ती आज मागे राहिली नाही, कारण घरी जायची घाई होती.

घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले. आई रोज सकाळी याच चौकटीला धरून उभी असायची, चहा झाला का विचारत. मी तिला डॉक्टरांकडे नेलं, जेवू घातलं, तिच्यावर ओरडले, अकरा वर्षं. आज पेन्सिल घेऊन तिचं डोकं कुठवर यायचं ती खूण करायला गेले. माझ्या कानाएवढं ठेवलं, मग खांद्याएवढं. कितीतरी वेळ उभी होते.

मला आठवलं नाही.